मेद्वेद, नेदव्हेद आणि आपला मध

गेल्या अंकातल्या एका टिपणात एक ओळ होती: रशियन, पोलिश, चेक अशा स्लाव्ह भाषांमध्ये अस्वलाला त्याचं मूळ नाव उरलेलं नाही, त्याला ‘मध खाणारा’ म्हणतात. एवढ्या एका ओळीवर कोल्हापूर शहरातून आणि आजूबाजूच्या तालुक्यांतून बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. स्लाव्ह शब्द देवनागरीत जमेल तितके उच्चाराजवळ लिहिले आहेत. स्लाव्ह मंडळी व्यंजन मऊ करून बोलतात, तो मऊपणा मात्र आपल्या लिपीत पुरता उतरत नाही.

चेक फुटबॉलपटू पाव्हेल नेदव्हेद याच्या आडनावाचा अर्थ ‘अस्वल’ असं तालमीतल्या एका मित्रानं सांगितलं. शब्दकोशात तर अस्वलाला ‘मेद्व्येद’ दिलंय. मग ‘म’चा ‘न’ कुठून आला?
*एक फुटबॉलप्रेमी, शिवाजी पेठ*

मित्राचं बरोबर आहे. आजच्या प्रमाण चेकमध्ये ‘मेद्व्येद’ म्हणतात, पण जुन्या चेकमध्ये आणि बोलींमध्ये ‘नेद्व्येद’ असंही रूप होतं. आडनावं अशी जुनी रूपं धरून ठेवतात. २००३ चा बॅलन डी’ओर हा फुटबॉलचा मोठा पुरस्कार जिंकणारा हा गडी त्यामुळे शब्दशः ‘अस्वल’च. रशियाचे माजी राष्ट्राध्यक्ष मेदवेदेव (२००८ ते २०१२) यांचं आडनावही याच शब्दाचं, ‘अस्वलाचा’ या अर्थाचं.

‘म’चा ‘न’ होण्याचं कारण तोंडात आहे. ‘म’ ओठांचा, पुढचा ‘व’ही ओठांचा, आणि मध्ये ‘द’ दातांचा. एकाच शब्दात दोन ओष्ठ्य वर्ण जवळजवळ आले की जीभ कधीकधी त्यांतला एक बदलून टाकते. इथे पहिला बदलला आणि शेजारच्या ‘द’च्या घरचा, म्हणजे ‘न’ झाला. पोलिश भाषेनं तर हेच रूप प्रमाण मानलं. तिथे अस्वल म्हणजे ‘न्येज्व्येच’. संस्कृत ‘लांगल’चा मराठीत ‘नांगर’ झाला, तो याच जातीचा बदल. दोन ‘ल’ जवळ नको होते.

युक्रेनियनमध्ये तिसराच प्रकार झाला. तिथे ‘वेद्मिद’ म्हणतात, म्हणजे ‘म’ आणि ‘व’ यांनी जागा बदलल्या. आपल्याकडे ‘मतलब’चं ‘मतबल’ आणि ‘नुकसान’चं ‘नुसकान’ ऐकलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

चेकमध्ये ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘व्येद्येत’ म्हणजे जाणणे, म्हणून नेदव्हेद म्हणजे ‘अडाणी’, असा विनोदही करता येईल. तो विनोदच. आणखी एक, सामन्याच्या समालोचनासाठी: चेकमध्ये शब्दाच्या शेवटचा ‘द’ उच्चारात ‘त’ होतो, म्हणून खरा उच्चार ‘नेद्व्येत’. रशियनमध्येही तसंच. एक अस्वल असेल तर ‘मिद्व्येत्य’, अनेक असली की पुढे स्वर येतो आणि ‘द’ परत येतो: ‘मिद्व्येदि’. पहिल्या अक्षरावर जोर नाही, म्हणून लिहिताना ‘मे’ आणि बोलताना ‘मि’.

रशियनच्या वर्गात आमच्या मॅडम सांगतात की ‘मेद्वेद’ म्हणजे मध खाणारा. इंटरनेटवर मात्र बऱ्याच ठिकाणी ‘मध जाणणारा’ असा अर्थ देतात. रशियन ‘वेदत्य’ म्हणजे जाणणे, आणि ते आपल्या ‘विद्’, ‘वेद’ यांच्याच कुळातलं. मला हाच अर्थ जास्त पटतो, कारण शब्दात ‘वेद’ सरळ ऐकू येतो. कोणतं खरं?
*विद्यार्थिनी, राजारामपुरी*

मॅडमचं खरं. ‘वेदत्य’ आणि ‘विद्’ यांचं नातं पक्कं आहे, पण अस्वलात तो ‘वेद’ नाही. सगळा वाद एका ‘व’चा आहे: हा ‘व’ दुसऱ्या शब्दाची सुरुवात आहे की पहिल्या शब्दाचा शेवट?

मध या अर्थाचा मूळ शब्द उकारान्त होता. संस्कृतात ‘मधु’, लिथुएनियनमध्ये ‘मेदुस’. स्लाव्ह भाषांत पुढे तो ‘उ’ झिजला आणि ‘मेद’ उरला, तसाच मराठीत ‘मध’ उरला. खाणे या अर्थाचा धातू संस्कृतात ‘अद्’ (आपलं ‘अन्न’ यातूनच आलं), स्लाव्हमध्ये ‘एद्’. आता मधु आणि अद् जोडा. आठवीनववीत घोकलेला यण् संधी इथे लागतो, पाणिनीचं ‘इको यणचि’. उ-पुढे विजातीय स्वर आला की उ-चा व होतो: सु + आगत = स्वागत, मनु + अंतर = मन्वंतर. तसंच मधु + अद् = मध्वद्. स्लाव्हमध्ये अगदी हेच घडलं: मेदु + एद् = मेद्वेद. म्हणजे तो ‘व’ मधातला ‘उ’ आहे.

‘मध्वद्’ हा काही हिशेबापुरता बनवलेला शब्द नाही. ऋग्वेदात (१.१६४.२२) झाडावर बसणाऱ्या पक्ष्यांना ‘मध्वदः सुपर्णाः’ म्हटलं आहे. कठोपनिषदात (२.१.५) तर ‘य इमं मध्वदं वेद’ अशी ओळच आहे. ‘मध्वद’ म्हणजे मध खाणारा, इथे कर्मफळ भोगणारा जीव, आणि त्याच्या शेजारी ‘वेद’ म्हणजे जाणतो. तुमच्या प्रश्नातले दोन्ही धातू एका ओळीत खांद्याला खांदा लावून उभे आहेत. आपल्याकडे हा शब्द पक्ष्याला आणि जिवाला लागला, स्लाव्हांकडे अस्वलाला, इतकाच फरक.

दुसरा पुरावा रशियनमधलाच. रशियन आज असा समास बनवते तेव्हा मध्ये ‘ओ’ घालते. माणसं खाणारा तो ‘ल्युदोयेद’. मध खाणारा असा नवा समास बनला तो ‘मेदोयेद’, आणि तो शब्द हनी बॅजर या वेगळ्याच प्राण्यासाठी वापरतात. ‘मेद्वेद’मध्ये तो ‘ओ’ नाही, म्हणजे ‘मेदु’मधला ‘उ’ जिवंत होता त्या काळात हा समास झाला. आणि दुसरा शब्द व्यंजनानं, ‘वेद्’च्या ‘व’नं सुरू होत असता तर संधी व्हायचं कारणच नव्हतं. दोघांच्या मध्ये त्या ‘उ’चा ऱ्हस्व अवशेष दिसायला हवा होता. जुन्या चर्च स्लाव्होनिकमधलं, म्हणजे स्लाव्हांच्या सर्वांत जुन्या लिखित भाषेतलं, रूप त्याविना आहे.

तिसरा पुरावा बारीक आहे, पण सगळ्यांत देखणा. संस्कृतात ‘मधु’मध्ये ‘ध’ आहे आणि ‘अद्’मध्ये ‘द’. स्लाव्ह भाषांनी महाप्राण टाकून दिले, दोन्ही ठिकाणी ‘द’च राहिला. मग फरक पुसला गेला का? नाही. साध्या ‘द’च्या आधीचा ऱ्हस्व स्वर बाल्टिक-स्लाव्ह शाखेत दीर्घ झाला आणि ‘ध’च्या आधीचा ऱ्हस्वच राहिला. वेर्नर विंटर या भाषाशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात हा नियम मांडला, म्हणून त्याला विंटरचा नियम म्हणतात. ‘मेद्वेद’मध्ये दोन ‘ए’ आहेत आणि जुन्या लिपीत ते दोन वेगळ्या अक्षरांनी लिहीत: पहिला ऱ्हस्व, कारण पुढे मुळात ‘ध’ होता, दुसरा मुळात दीर्घ, कारण पुढे ‘द’. एकाच शब्दात नियमाच्या दोन्ही बाजू! (सगळं इतकं गुळगुळीत नसतं. संस्कृत ‘उदक’चा भाऊ रशियन ‘वोदा’, पाणी, या नियमाला जुमानत नाही, आणि त्यावर अभ्यासकांची भांडणं आहेत.)

चुकीचा अर्थ इतका पसरतो कशामुळे, तेही सांगायला हवं. ‘वेदत्य’मधला ‘ए’ मुळात ‘अइ’सारखा जोडस्वर, ‘एद्’मधला ‘ए’ मुळात दीर्घ ‘ए’. स्लाव्ह भाषांत हे दोन्ही मिसळून एकच स्वर झाला. त्यामुळे फक्त रशियनच्या आत बसून पाहिलं तर दोन्ही अर्थ सारखेच शक्य वाटतात. निवाडा बहीणभाषांकडूनच येतो. रशियन माणसाला त्यासाठी संस्कृतकडे जावं लागतं. तुम्हाला शाळेचं व्याकरण पुरतं.

पण नाव बदललं कशासाठी? आमच्या भागात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, तसं काही?
*एक वाचक, गडहिंग्लज*

तसंच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९०६ मध्ये हा विचार नीट मांडला. मूळ इंडो-युरोपीय भाषेत, म्हणजे संस्कृत, ग्रीक, स्लाव्ह यांच्या पूर्वज भाषेत, अस्वलाला एक चांगला जुना शब्द होता. तो संस्कृतात ‘ऋक्ष’, ग्रीकमध्ये ‘आर्क्तोस’, लॅटिनमध्ये ‘उर्सुस’, वेल्शमध्ये ‘आर्थ’ असा टिकला. तपकिरी अस्वलाचं शास्त्रीय नाव ‘उर्सुस आर्क्टोस’, म्हणजे लॅटिन आणि ग्रीक मिळून ‘अस्वल अस्वल’. उत्तरेच्या तीन शाखांत मात्र हा शब्द गडप झाला. स्लाव्हांनी ‘मध खाणारा’ घेतला. जर्मानिकांनी, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या शाखेनं, जो घेतला, ज्यातून इंग्रजी ‘बेअर’ आला, त्याचा अर्थ बहुमतानं ‘तपकिरी’. लिथुएनियन ‘लोकिस’चा अर्थ ‘केसाळ’ असा लावतात. तिन्ही वर्णनं, तिन्ही वेगवेगळी, आणि तिन्ही शाखा दाट जंगलात अस्वलाच्या शेजारी राहणाऱ्या. नाव घेतलं की ते येतं, किंवा शिकार हुकते, ही भीती त्यामागे असावी.

‘असावी’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. त्या काळच्या माणसानं ‘आम्ही घाबरून नाव बदललं’ असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. हा अनुमानाचा भाग आहे, आणि वेल्श लोकही काही वाळवंटात राहत नव्हते, तरी त्यांनी जुना शब्द सोडला नाही. पण अनुमानाला बळ देणारी गोष्ट पुढे रशियात उघड दिसते. ‘मेद्वेद’ हेच रोजचं नाव होऊन बसलं, तेव्हा त्यालाही टाळणं सुरू झालं. शिकारी ‘खझ्याइन’ म्हणजे मालक म्हणू लागले. गोष्टींत तो ‘मिखाइलो पोतापिच’ झाला, म्हणजे नाव आणि बापाचं नाव लावून, मानानं. ‘कोसोलापी’ म्हणजे फेंगड्या पायांचा, ‘तोप्तिगिन’ म्हणजे दाणदाण पाय आपटणारा. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचा ‘मिशा’ हा त्या मिखाइलचाच लाडका अवतार.

सापाचं तुम्ही काढलंत ते नेमकं आहे. रात्री ‘लांबडं’ किंवा ‘जनावर’ म्हणायचं, आणि चावला तर ‘पान लागलं’ म्हणायचं. स्लाव्हांचं सापाबाबतही असंच आहे. रशियन ‘झ्मेया’ हा ‘झेम्ल्या’ म्हणजे जमीन या शब्दाच्या धातूतला, म्हणजे साप हा ‘भुईवरचा’. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ वाढवतात. आणि ज्या रोगानं गावंच्या गावं ओस पाडली त्याला ‘देवी’ म्हणत.

लांडग्याचं उलट आहे. त्याचं जुनं नाव स्लाव्हांनी टाकलं नाही: रशियन ‘वोल्क’, सर्बियन ‘वुक’, संस्कृत ‘वृक’, सरळ नातं. सर्बियन लिपी आणि लेखनाची सुधारणा करणारे वुक कारादजिच (१७८७ ते १८६४) यांची आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून चेटकिणींनी हात लावू नये यासाठी त्यांचं नाव ‘लांडगा’ ठेवलं होतं. आपण अशा वेळी धोंडू, दगडू ठेवत आलो. त्यांनी दात दाखवले, आपण दगड.

‘बेरलोगा’ म्हणजे अस्वलाची गुहा. त्यावरून रशियन अस्वलाचं खरं, लपवलेलं नाव ‘बेर’ होतं, असा एक व्हिडिओ फिरतोय. तथ्य आहे का?
*एक वाचक, रुईकर कॉलनी*

नाही. व्हिडिओवाले ‘बेर’ अधिक ‘लोगोवो’ (जनावराची निजायची जागा) असा विग्रह करतात. पण या शब्दाचे भाऊ शेजारी उभे आहेत: सर्बियन ‘बर्लोग’, चेक ‘बर्लोह’, पोलिश ‘बार्वुग’. या रूपांवरून मागे गेलं की मूळ ‘बिर्लोग’सारखं निघतं. तिथे ‘बेर’ बसतच नाही. अर्थही पाहा. सर्बियनमध्ये ते डुकरांच्या लोळण्याच्या जागेलाही लागतं, पोलिशमध्ये विस्कटलेल्या गवताच्या अंथरुणाला. अस्वलाचा हक्क त्यात नंतर शिरला.

आणि समजा, घटकाभर ‘बेर’ मानलंच, तरी हाती काय लागतं? जर्मानिक ‘बेर’चा अर्थ ‘तपकिरी’, म्हणजे तेही टोपणनावच. एक बुरखा काढून दुसरा मिळाला. जुन्या खऱ्या नावाची खूण शोधायचीच असेल तर ती लिथुएनियनमध्ये ‘इर्श्त्वा’ या शब्दात असावी, असं काही अभ्यासक म्हणतात. त्याचा अर्थ, गंमत बघा, अस्वलाची गुहा.

मराठीतला ‘अस्वल’ यात कुठे बसतो?
*निवृत्त शिक्षिका, कागल*

‘ऋक्ष’चा सरळ वारस मराठीत ‘रीस’ आहे. जुन्या शब्दकोशांत तो ‘अस्वल’ या अर्थानं दिलेला आहे. हिंदीत ‘रीछ’. ‘अस्वल’ मात्र ‘अच्छभल्ल’ या प्राकृत-संस्कृत जोडशब्दातून आला. त्यातला ‘अच्छ’ हा ‘ऋक्ष’चाच प्राकृत अवतार, आणि ‘भल्ल’ म्हणजेही अस्वल, ज्यातून हिंदीत ‘भालू’ झाला. म्हणजे आपणही ‘अस्वल अस्वल’च म्हणतो, लॅटिन नाव ठेवणाऱ्यांना हसायला नको. हा ‘भल्ल’ ‘भद्र’वरून, ‘भला’ या अर्थानं आला असावा, असंही एक मत आहे. ते खरं असेल तर भीतीपोटी गोड बोलण्याचा प्रकार आपल्याकडेही झाला. पण ते मतच आहे, त्यावर इमला बांधू नये.

आकाशातलं अस्वल मात्र पक्कं. ऋग्वेदात (१.२४.१०) रात्री वर दिसणाऱ्या ताऱ्यांना ‘ऋक्षाः’ म्हटलंय, आणि सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत असं शतपथ ब्राह्मण सांगतं. ग्रीकांनीही त्याच ताऱ्यांत अस्वल पाहिलं. ‘आर्क्टिक’ हा शब्द त्या अस्वलाखालच्या दिशेचा.

आम्ही सातेरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. अस्वल खरंच इतका मध खातं का, की त्यावरून नाव पडावं?
*मधपाळ, पाटगाव परिसर, ता. भुदरगड*

पोट भरण्याइतका नाही. तपकिरी अस्वल मुख्यतः शाकाहारावर जगतं: बेरीसारखी रानफळं, कवचाची फळं, गवत, मुळं, त्यात मुंग्या, मासे, मेलेली जनावरं. पोळं सापडलं तर सोडत नाही, आणि त्यात त्याला मधाइतक्याच अळ्या हव्या असतात. प्रथिनं तिथे असतात. अंगावरच्या दाट केसांमुळे डंख आत पोचत नाहीत, नाक आणि ओठ तेवढे सोसतात.

मग नाव मधावरून का? कारण माणसाचा आणि अस्वलाचा सामना तिथेच व्हायचा. स्लाव्ह जंगलांत पेट्या नव्हत्या. उभ्या झाडाच्या खोडात, जमिनीपासून बरंच उंच, ढोली कोरून तीत मधमाश्या बसवत. ही पद्धत पोलंड आणि बेलारूसमध्ये अजून जिवंत आहे, आणि २०२० मध्ये युनेस्कोनं तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. अस्वल झाडावर चढून ढोली फोडायचं. त्यावर उपाय असा: ढोलीच्या तोंडासमोर दोरानं एक जड ओंडका टांगून ठेवायचा. अस्वल तो पंजानं बाजूला सारतं, ओंडका झोका घेऊन परत येतो आणि त्याला लागतो. अस्वल चिडून आणखी जोरात ढकलतं, तो आणखी जोरात परत येतो. दोर आखूड असला की झोका बसत नाही आणि ओंडका हलका असला की अस्वल त्याला जुमानत नाही, त्यामुळे दोन्हींचा अंदाज घ्यावा लागे.

तुमच्या मालाच्या नावाचा प्रवासही लांबचा आहे. मध, ‘मेद’, ‘मेदुस’ ही भावंडं, आणि मध्य आशियातल्या तोखारी भाषेतल्या ‘मित’वरून चिनी ‘मी’ आला. तोही मधच.

आजऱ्याकडे रानहत्ती येऊन-जाऊन असतात. ज्या स्लाव्हांनी हत्ती पाहिलाच नव्हता, त्यांनी त्याला नाव कुठून आणलं?
*एक वाचक, आजरा*

सगळीकडे ‘स्लोन’ म्हणतात, आणि तो कुठून आला यावर दोन मतं आहेत. पहिलं: तुर्की ‘आर्स्लान’ म्हणजे सिंह, ऐकीव प्राण्यांच्या गोंधळात ते नाव हत्तीला चिकटलं. दुसरं: ‘स्लोनित्य’ म्हणजे रेलणे. मध्ययुगीन युरोपात समजूत होती की हत्तीच्या पायांना सांधे नसतात, तो झाडाला टेकून झोपतो, आणि शिकारी ते झाड आधीच करवतून ठेवतात. आजऱ्याच्या शेतकऱ्याला ही समजूत ऐकवून पाहा. दुसरं मत ऐकायला गोड आहे, पण उलटही झालेलं असू शकतं: नाव आधी आलं आणि त्याला जुळणारी गोष्ट म्हणून ही समजूत लोकांना पटली.

त्याहून मजेचा आहे उंट. ग्रीक-लॅटिन ‘एलेफास’, ‘एलेफांतुस’ म्हणजे हत्ती. हा शब्द गॉथ या जर्मानिक लोकांकडे जाईपर्यंत ‘उल्बान्दुस’ झाला आणि अर्थ झाला उंट. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्ये तो उंटासाठीच आहे. दूर देशीचं, अवाढव्य, ओझी वाहणारं जनावर, एवढंच लक्षात राहिलं असणार. गॉथांकडून तो स्लाव्हांनी घेतला: जुना ‘वेल्बोंद’. लोकांनी त्यात ‘वेल्’ म्हणजे मोठा आणि ‘ब्लूद’ म्हणजे भटकणं असा अर्थ वाचला आणि रूप ‘वेल्ब्लूद’कडे वळवलं. मग दोन ‘ल’ जवळ नकोत म्हणून रशियनमध्ये ‘वेर्ब्ल्यूद’. पोलिशमध्ये आज तो ‘व्येल्ब्वोंत’ आहे, आणि लिहिताना त्याच्या शेपटीला चूक या अर्थाचा पोलिश शब्द अक्षरन् अक्षर दिसतो. हत्तीचा उंट करणाऱ्या शब्दाला हे शोभतं.

अशी नाती आम्ही घरी बसून तपासू शकतो का? कसं?
*एम.ए.चा विद्यार्थी, सायबर चौक*

शकता. सुरुवात अर्थानं करू नका, तिथेच बहुतेक जण घसरतात. अर्थ कुठेही जुळवता येतो.

आधी शब्दाचं सर्वांत जुनं लिखित रूप काढा. रशियनसाठी आजचं रूप नको, चर्च स्लाव्होनिकचं घ्या. मग बहीणभाषांतली रूपं शेजारी मांडा, निदान एक पूर्वेची, एक पश्चिमेची आणि एक दक्षिणेची. उदाहरणार्थ रशियन, पोलिश, सर्बियन. दक्षिणेत बल्गेरियन घेतलंत तर तिथे अस्वल ‘मेच्का’ आहे, ते बहुतेक ‘मेद्वेद’चंच तोडलेलं घरगुती रूप, त्यानं गोंधळू नका. हंगेरियन ‘मेद्वे’ दिसलं तर ते पुराव्यात धरू नका. हंगेरियन वेगळ्या कुळातली आहे, तिनं शब्द स्लाव्ह शेजाऱ्यांकडून उचलला. उसना शब्द साक्षीला चालत नाही.

त्यानंतर वर्णांचे नियम लावा. संस्कृत ‘ध’ला स्लाव्ह ‘द’: धूम, ‘दिम’ (धूर). संस्कृत ‘श’ला ‘स’: शत, ‘स्तो’. संस्कृत ‘ह’ला बहुधा ‘झ’: हिम, ‘झिमा’ (हिवाळा, आणि आपल्या हिवाळ्यातही तोच हिम आहे). संस्कृत ‘अ’ला कधी ‘ए’, कधी ‘ओ’, कारण संस्कृतानं ते दोन्ही ‘अ’त मिसळून टाकले: नभस्, ‘नेबो’ (आकाश). अवि म्हणजे मेंढी, रशियन ‘ओव्त्सा’. नियम त्याच रूपात निदान तीन वेगळ्या शब्दांत लागला पाहिजे. एका जोडीवर नियम उभा करू नये.

सोपा सराव म्हणून पाणमांजर घ्या. संस्कृत ‘उद्र’, जुन्या मराठीत ‘ऊद’, रशियन ‘विद्रा’. ‘उ’चा ‘वि’ कसा? ‘द’च्या आधी म्हणून ‘उ’ दीर्घ झाला (वर सांगितलेला विंटरचा नियम), दीर्घ ‘ऊ’ स्लाव्हमध्ये घशातल्या ‘इ’सारखा झाला, आणि शब्दारंभी त्याच्या पुढे ‘व’ चिकटला. तिन्ही पायऱ्या इतरत्रही दिसतात, म्हणून नातं खरं.

आता फसणारी जोडी. हरीण या अर्थी रशियन ‘अल्येन्य’. कानाला ‘हरिण’च्या जवळ वाटतो, अर्थही एक. पण ‘हरि’, ‘हरित’ यांची स्लाव्ह भावंडं ‘झ’नं सुरू होतात, जसा ‘झेल्योनी’ म्हणजे हिरवा. ‘अल्येन्य’मध्ये ‘झ’ नाही, म्हणून नातं नाही. तो लिथुएनियन ‘एल्निस’चा भाऊ.

नियम मोडणारी खरी जोडीही असते. हंसाचा स्लाव्ह भाऊ ‘गुस’, म्हणजे इंग्रजीतला गूस. नियमानं ‘झ’ हवा होता, आणि लिथुएनियनमध्ये तो आहेही: ‘झांसिस’. स्लाव्हमध्ये ‘ग’ आला. जर्मानिक शेजाऱ्यांच्या शब्दाचा परिणाम, असं एक कारण देतात. शब्दातच पुढे ‘स’ असल्यामुळे आरंभीचा वर्ण बदलला, असं दुसरं.

आणि कधीकधी उत्तर दोनच्या पुढे जात नाही. रशियन कुत्रा, ‘सबाका’. हेरोडोटस (१.११०) सांगतो की प्राचीन इराणातले मीड लोक कुत्र्याला ‘स्पाका’ म्हणतात. हा इराणी शब्द आपल्या ‘श्वान’चा सख्खा भाऊ. बहुतेक जण ‘सबाका’ तिथून आणतात, पण मग ‘स’ आणि ‘प’ यांच्या मध्ये स्वर कुठून शिरला आणि ‘प’चा ‘ब’ का झाला, हे सांगावं लागतं. दुसरा गट तुर्की ‘कोबेक’ (कुत्रा) पुढे करतो, त्यात ‘ब’ आणि स्वर मिळतात, पण ‘क’चा ‘स’ कसा झाला ते अडतं. इतर बहुतेक स्लाव्ह भाषांत रोजच्या कुत्र्याला ‘पेस’, ‘प्येस’ म्हणतात, त्यामुळे बहिणींची साक्षही इथे फारशी मिळत नाही. असा शब्द आला की दोन्ही अडचणी लिहून ठेवायच्या आणि पुढचा शब्द घ्यायचा.